पंख्याखाली पास झालेला फोन

मी फोन बोलतोय. फोनवरून कुणी बोलत नाहीये, खुद्द फोनच बोलतोय, तेव्हा ‘हॅलो, कोण?’ म्हणायची तसदी घेऊ नका. माझी काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे, आवाजाचं बटण एकदा आत गेलं ते परत बाहेर आलेलं नाही, आणि वयाचं म्हणाल तर आमच्या जातीत मी केव्हाच पणजोबा झालोय. तब्येत मात्र ठणठणीत आहे. तिचा मला भलताच गर्व होता. तो कसा उतरला, हे तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या बोटांनी मला जोडलं, तपासलं, पुसलं आणि खोक्यात झोपवलं. माझ्या आत प्रोसेसर नावाचं काळीज आहे. त्याचे ठोके किती पडावेत हे कारखान्यातल्या साहेबांनी ठरवून दिलं होतं. दीड गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दीड अब्ज. यापुढे पळायचं नाही अशी ताकीद माझ्या हाडात लिहूनच मला बाहेर पाठवलं.

दुकानात मला घ्यायला बाप-लेक आले होते. दुकानदार मोठमोठे फोन पुढे करत होता आणि बाबा मान हलवत होते. “खिशात मावेल तो दाखवा हो. हे ताट घेऊन कुठं फिरू मी?” शेवटी मी आणि माझ्याच खोक्याशेजारचा माझा जुळा भाऊ, असे दोघे त्यांना पसंत पडलो. लेक म्हणाली, “बाबा, तुमचा नि माझा एकच ठेवू. काही अडलं की मी माझ्यावर दाखवीन, तुम्ही तुमच्यावर करा.” असा मी लेकीकडे गेलो आणि भाऊ बाबांकडे.

लेक लिफ्ट दुरुस्त करते. सगळी वसाहत तिला लिफ्टवालीच म्हणते, तर मीही तेच म्हणतो. कमरेला हत्यारांचा पट्टा, केसांत ग्रीस, आणि बोलणं असं की समोरच्याची बोलती बंद. कामात मात्र काटेकोर. नवी लिफ्ट बसली की ती आधी आत वाळूची पोती भरून वरखाली पाठवायची. एकदा एका बिल्डरने घाई केली, “अहो, चालतेय ना? द्या की सही.” तर म्हणाली, “रिकामी तर माझी हत्यारांची पेटीपण चालते. पोती आणा.” मी तिच्या खिशातून हे सगळं ऐकायचो आणि मला तिचा अभिमान वाटायचा.

बाबांचा जन्म छापखान्यात गेला. ते मुद्रितशोधक. पुस्तक असो की वर्तमानपत्र, छापण्याआधी त्याची प्रुफं वाचून चुका काढायच्या, हे त्यांचं काम. टेबल नेमकं यंत्रखोलीच्या दाराशी. पस्तीस वर्षं त्या धडधडाटाच्या शेजारी बसून त्यांनी दुसऱ्यांचे स्वल्पविराम सांभाळले आणि स्वतःचे कान घालवले. निवृत्त झाले तेव्हा थोडं ऐकू यायचं. पुढे तेही गेलं. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते भांड्यांचा आवाज मोठा करायचं आणि माणसांचा होता तसाच ठेवायचं. बाबांनी ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं.

तीनेक वर्षांत लिफ्टवालीला कामासाठी मोठा फोन मिळाला आणि माझी रवानगी खणात झाली. तिथं मोजपट्टी होती, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या आणि संपलेल्या सेलांची एक जोडी होती. माणसांचं मला नवल वाटतं. संपलेला सेलसुद्धा त्यांना टाकवत नाही, पण चालता फोन खुशाल खणात टाकतात. मी रुसून बसलो होतो हे खरं. पण रुसलेल्याकडे बघायला तरी कुणीतरी लागतं.

बाहेर काय चाललंय ते मला आवाजावरून कळायचं. बाबांच्या फोनवर, म्हणजे माझ्या भावावर, लिफ्टवालीने एक अ‍ॅप टाकलं होतं. समोरचा बोलेल ते पडद्यावर लिहून दाखवायचं. बाबा हरखले. माणसांचं बोलणं ते प्रूफ वाचावं तसं वाचू लागले. “अगं, इथं स्वल्पविराम हवा होता,” असंही मधूनच म्हणायचे. पण माझा भाऊ जुना, धाप लागणारा. माणसं पुढे जायची आणि भावाची अक्षरं पाच-सहा वाक्यं मागून रखडत यायची.

दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात तीन म्हाताऱ्यांची बैठक असायची. बाबा, घड्याळं दुरुस्त करणारे एक, आणि चित्रकलेचे निवृत्त मास्तर. तिथं आता असं व्हायला लागलं की घड्याळवाले काहीतरी विनोद करायचे, मास्तर हसायचे, विषय बदलायचा, आणि मग बाबा एकटेच हसायचे. घड्याळवाले आणि मास्तर दोघंही भले. ते बाबांशी सावकाश, सोपं, थोडं थोडं बोलायला लागले. लहान मुलाशी बोलतात तसं. बाबांना ते लागलं. हळूहळू त्यांनी जाणंच कमी केलं. “गुडघा दुखतो,” म्हणायचे. गुडघा चांगला होता.

लिफ्टवालीने त्यांना नवा फोन आणून दिला. दोन दिवसांनी तो खोक्यात घालून त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला. “हातातून निसटतो आणि खिशातून डोकावतो. माझा मला पुरे.”

“बाबा, किती हट्टी हो तुम्ही!” ती म्हणाली, पण पडद्यावर ते वाक्य उमटेपर्यंत बाबा आंघोळीला निघून गेले होते.

मग तिच्या डोक्यात ते वेड शिरलं. नवा चालत नाही ना, तर जुन्यालाच पळवू. खण उघडला, उजेड आत आला आणि मी तिच्या हातात. “बाबांच्या फोनवर प्रयोग नकोत,” ती मला म्हणाली. “आधी तू मर.”

आणि मी मेलो. एकदा-दोनदा नाही, तेवीस वेळा. ती माझा कर्नल बदलू बघत होती. कर्नल म्हणजे काय ते सांगतो. सैन्यातला नव्हे. आमच्या आत एक मुकादम असतो. कुठल्या अ‍ॅपला किती काम द्यायचं, काळजाचे ठोके कधी वाढवायचे, अंग तापलं तर कधी दम खायचा, हे सगळं तो बघतो. कारखान्याने दिलेला मुकादम काढून स्वतः घडवलेला बसवायचा, आणि त्याच्याकडून काळजाला ठरल्यापेक्षा जास्त पळवायचं, असा हा उद्योग. जगभर असे रिकामटेकडे कामसू लोक आहेत. ते एकमेकांना आपापले मुकादम पाठवतात. लिफ्टवाली त्यांच्यात जाऊन बसली, शिकली, चुकली. मुकादम बिघडला की मी नुसता कंपनीचं चिन्ह दाखवत बसायचो. ते मावळायचं, पुन्हा उगवायचं, पुढे काहीच नाही. मग ती माझी बॅटरी उपसून काढायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

बॅटरी सारखी काढावी लागते म्हणून तिने माझं मागचं झाकणच काढून टाकलं. स्विचबोर्ड स्वयंपाकघरात सोयीचा, म्हणून माझी जागा ठरली ओट्यावर, थंडगार दगडावर. आणि तिथं उकडतं म्हणून तिने वरच्या फळीवर टेबलफॅन लावला. तो तिने स्वतःसाठी लावला होता. वारा मात्र सगळा मला लागायचा.

आहाहा, काय दिवस होते ते! दीडवरून एक पॉइंट सात. तिथून एक पॉइंट नऊ. आणि एका संध्याकाळी दोन पॉइंट एक! ‘तापलास तर हळू हो’ हा मुकादमाचा जुना नियमही तिने सैल करून टाकला. रेडिओवर बातम्या लावल्या, माझ्यावर ते अ‍ॅप उघडलं, आणि निवेदिकेच्या तोंडून शब्द निघतोय न निघतोय तोच माझ्या पडद्यावर हजर. तासभर चाचणी चालली. एकदाही बंद पडलो नाही. लिफ्टवालीने वहीत ‘पास’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझी छाती अशी फुगली की काय सांगू! कारखान्यातल्या साहेबांना काय कळतं, असं मी मनात म्हणून घेतलं.

तिने तो कर्नल त्या मंडळींकडेही पाठवला. “पूर्ण स्थिर आहे, एक तास तपासला,” असं लिहून. दोन दिवसांनी कुणीतरी कळवलं की त्याचा फोन सारखा बंद होऊन चालू होतोय. लिफ्टवालीने उत्तर टाकलं, “सगळं पुसून नीट पुन्हा बसवा.” त्या मंडळींत हे उत्तर कुणालाही, कशालाही देतात. मला वाटलं, त्याचाच फोन नाजूक असणार.

शनिवारी तो कर्नल बाबांच्या फोनवर गेला. रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. तिथं गेल्यावर विसरायला नको म्हणून अ‍ॅप घरातूनच चालू केलं, फोन चामडी पाकिटात घातला, पाकीट खिशात घातलं, आणि उन्हातून चालत वाचनालय गाठलं.

दीड तासाने परत आले. तोंड उतरलेलं. लिफ्टवालीने कागदावर लिहून विचारलं, “काय झालं?”

बाबांनी पाकीट खिशातून काढून हातात धरलं. मग म्हणाले, “पहिली दहा मिनिटं काय सुरेख चाललं होतं गं. मग फोन तापला आणि बंद पडला. आपोआप चालू झाला, परत बंद. मी म्हटलं, कशाला सगळ्यांना थांबवायचं? नेहमीसारखा मान डोलवत, हसत बसलो.” त्यांनी चष्मा काढला. “मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा वर बघितलं. घड्याळवाला रडत होता. त्याचा थोरला भाऊ गेला परवा. तो ते सांगत होता, आणि मी हसत होतो गं त्याच्याकडे बघून.”

त्यांनी माझ्या भावाला पाकिटासकट खणात ठेवलं. “आता नको. मला काही ऐकायचं नाही.”

लिफ्टवाली रडली नाही. तिला राग आला की ती कामाला लागते. मला ओट्यावर ठेवलं, पंखा लावला, चाचणी सुरू. तासभर. पास. पुन्हा तासभर. पास. “अरे, चालतंय की! इथं तर चालतंय!” असं ती मलाच दरडावून सांगत होती. मीही मनातल्या मनात भावाला नावं ठेवत होतो. शेजारशेजारच्या खोक्यांतले आपण, आणि तू असा कच्चा निघालास?

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आत आले. ओट्यापाशी थबकले. उघड्या पाठीचा मी, खाली दगड, वर पंखा, शेजारी वही. सवयीने त्यांनी वही उचलली, शेवटपर्यंत वाचली आणि मला बोटाने हलकेच टोचून बघितलं. मी गार होतो.

“हे प्रूफ तू कुठल्या कागदावर काढलंस?” त्यांनी विचारलं.

लिफ्टवालीला समजेना. तिने हातानेच ‘म्हणजे?’ केलं.

“आमच्याकडे एक पोरगा नवीन आला होता. प्रूफ काढायचा गुळगुळीत, जाड कागदावर. अक्षर कसं टपोरं, स्वच्छ! आणि पुस्तक छापायचं होतं पातळ, खरबरीत कागदावर. छापल्यावर सगळी शाई फुटली. हजार प्रती रद्दीत. तेव्हापासून आमच्या मालकांनी नियम केला, पुस्तक ज्या कागदावर निघणार, शेवटचं प्रूफ त्याच कागदावर काढायचं.” त्यांनी पेला विसळून पालथा घातला. “माझ्या खिशात पंखा नाही गं, बाळ.”

ते बाहेर गेले. लिफ्टवाली पंख्याकडे बघत राहिली. मग तिने तो बंद केला आणि स्टुलावर बसली. “मी रिकामी लिफ्ट पास केली,” ती स्वतःशीच म्हणाली. “मी! रिकामी लिफ्ट!”

दुसऱ्या दिवशी तिने खण उपसून माझं झाकण शोधलं, मला बाबांच्या पाकिटात घातलं, पाकीट बाबांच्या शर्टात आणि बाबांना गच्चीवर उन्हात. अकराव्या मिनिटाला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा सुरू झालो, पुन्हा कोसळलो. माझा सगळा तोरा त्या अकरा मिनिटांत उतरला. इतके दिवस मी ज्याला माझी ताकद समजत होतो, ती पंख्याची होती. खणातल्या भावाची मी मनोमन माफी मागितली.

त्या संध्याकाळी तिने मंडळींना लिहिलं, “माझी चाचणी चुकीची होती. फोन उघडा होता, पंख्याखाली होता. हा कर्नल वापरू नका.” आणि ज्याला ‘पुसून पुन्हा बसवा’ म्हणाली होती त्याचं नाव घेऊन माफी मागितली. असं लिहिताना माणसं फार वेळ लावतात हे मी पाहिलंय. तिने ते पाच वेळा खोडलं.

पुढचे तीन आठवडे मी बाबांच्या खिशात काढले. आता चाचणी घेणारे बाबा होते. सकाळी भाजी आणायला, दुपारी गच्चीवर, संध्याकाळी पायऱ्यांवर. वहीत त्यांच्या प्रूफवाल्या खुणांनी नोंदी व्हायच्या. शब्द गळला की एक खूण, उशीर झाला की दुसरी. लिफ्टवाली रात्रीच्या जेवणाआधी ती पानं वाचायची आणि मुकादमाला थोडं शिकवायची. ‘तापलास तर हळू हो’ हा नियम परत आला. काळजाला लागणारी वीज तिने कणाकणाने कमी केली. नको ती अ‍ॅपं झोपवली. आणि ठोके उतरले, एक पॉइंट नऊ, मग एक पॉइंट आठ.

एक पॉइंट आठला मी फुरंगटलो होतो, खोटं कशाला बोलू? दोन पॉइंट एक बघितलेल्याला एक पॉइंट आठ म्हणजे बढती काढून घेतल्यासारखं. पण उन्हात, पाकिटात, खिशात, बाबांच्या छातीच्या उबेत मी तासभर चाललो. मग दोन तास. अक्षरं एखाद-दुसरा शब्द मागे, बस्स. शेवटच्या पानावर बाबांनी एकही खूण केली नाही.

“मग, रविवारी?” लिफ्टवालीने मला तोंडासमोर धरून विचारलं. शब्द लगेच उमटले. बाबांनी ते वाचले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. अडचण आता फोनची नव्हती. ते ज्याच्या दुःखात हसले होते त्याच्यासमोर जायचं होतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

रविवारी सकाळी बाबा आपणहून उठले, शर्ट घातला आणि मला खिशात टाकलं. “शेवटचं प्रूफ जागेवर जाऊनच वाचावं लागतं,” एवढंच म्हणाले.

व्हरांड्यात दोघं बसलेले होते. बाबा उभ्या उभ्याच म्हणाले, “त्या दिवशी मी हसलो. मला काही कळलं नव्हतं.” आणि मला पुढे धरलं. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो, तेवीस वेळा मरतानासुद्धा नाही.

घड्याळवाल्यांचा आवाज आला आणि मी लिहिलं, “मला ठाऊक आहे रे. तुझा फोन बंद पडलेला मी बघितला होता. बस.”

बाबा बसले. घड्याळवाल्यांनी भावाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आजारपण, शेवटचे दिवस, दोघांनी लहानपणी मिळून उघडलेलं आणि परत न जुळलेलं पहिलं घड्याळ. मी शब्दन् शब्द लिहिला. बाबांनी तो वाचला, आणि जिथं गप्प राहायचं तिथं गप्प राहिले.

मग बोलणं आपोआप इकडे तिकडे गेलं. मंडईच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं ते तिथं पूर्वी लागलेल्या आगीच्या आधी की नंतर, यावर गाडी आली. घड्याळवाले सांगू लागले, “आगीच्या नंतर. मी स्वतः वर चढलो होतो, त्याचा मोठा काटा—”

“आधी!” बाबा वाक्य तोडून म्हणाले. “आगीच्या बातमीचं प्रूफ मी वाचलंय. त्यात लिहिलं होतं, बंद घड्याळाखाली—”

“तुझं प्रूफ राहू दे! वर मी चढलो होतो का तू?”

“चढला असशील, पण कधी?”

“अरे, गप बस ना जरा! मला बोलू देशील की नाही?”

मास्तरांनी दचकून बाबांकडे बघितलं. घड्याळवाल्यांनीही जीभ चावली. गेल्या दोन वर्षांत बाबांवर कुणी आवाज चढवला नव्हता. माझ्या पडद्यावर ते वाक्य ठळक उमटलं होतं, अगदी वेळेवर. बाबांनी ते वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

“नाही बसत गप,” ते म्हणाले.

पुढचा पाऊण तास जे भांडण झालं ते लिहिता लिहिता माझ्या नाकी नऊ आले, पण मी एकदाही बंद पडलो नाही.

घरी आल्यावर लिफ्टवाली दारातच उभी होती. बाबांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. “अगं,” ते म्हणाले, “घड्याळवाला मला गप बस म्हणाला!” आणि मला तिच्यापुढे धरून ते वाक्य दाखवलं. तिने वाचलं आणि बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या वेळी ती काहीच बोलली नाही, म्हणून माझ्याकडे त्याची नोंद नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी बाबांच्याच खिशात असतो, कारण ‘तपासलेला’ म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. भाऊ ओट्यावर गेलाय, नवनवे मुकादम सोसतोय, पण झाकण लावून आणि पंख्याशिवाय. मी आजही एक पॉइंट आठच्या पुढे पळत नाही आणि आता पळावंसं वाटतही नाही. माझी तुम्हाला एकच विनंती. तुमच्या खणात माझ्यासारखा कुणी पडला असेल तर त्याला एकदा बाहेर काढा, आणि त्याची परीक्षा घ्यायची तर जिथं त्याला जगायचंय तिथंच घ्या.

गेल्या रविवारी घड्याळवाले भांडून, बैठक अर्धी टाकून, तरातरा निघून गेले. जाताना जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिलंय, इथं सांगण्यासारखं नाही. बाबांनी ते पुसू दिलेलं नाही.